४नेक२ : पायाखाली जमीन नसेल तर उत्तम

आधी निकाल सांगतो, कारण पूर्ण वाचायला सगळ्यांकडे वेळ नसतो. चंद्राभोवती फिरणाऱ्या उपग्रहावरचा अँटेना किती लांब असावा, कुठे बसवावा आणि उपग्रहाच्या धडामुळे त्याचा काय बट्ट्याबोळ होतो, हे घरबसल्या एक पैसा न मोजता समजून घ्यायचं असेल तर अँटेनाचं गणित करणारं ४नेक२ हे सॉफ्टवेअर डोळे मिटून उतरवून घ्या. चंद्रावर उतरणाऱ्या यानाचा अँटेना काढायचा असेल तर जरा जपून. आणि प्रत्यक्ष उडणाऱ्या यंत्राचा अंतिम आराखडा याच्या भरवशावर करणार असाल तर नका करू.

मी आकाशवाणीत अभियंता होतो. हयात मध्यम लहरींच्या मनोऱ्यांखाली गेली. म्हणजे ज्या गोंगाटापासून खगोलवाले पळ काढतात, तो करण्याचाच पगार घेतला. निवृत्तीनंतर हौशी रेडिओच्या नादात हे सॉफ्टवेअर हाताशी आलं, पण त्याचा खरा कस लागला तो पुतणीमुळे. ती पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या गटाने प्रकल्पाला विषय घेतला, विश्वाच्या बाल्यावस्थेतला हायड्रोजन ऐकण्यासाठी चंद्राच्या कक्षेत फिरणारा अँटेना. कॉलेजात महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना एकाच संगणकावर आणि त्याच्यापुढे ही रांग. "काका, तुमच्याकडे काही चालण्यासारखं आहे का?" म्हणून लॅपटॉप घेऊन आली. मी ४नेक२ उघडून दाखवलं तर म्हणाली, "हे कुठल्या जमान्यातलं आहे?"

प्रश्न रास्त आहे. आतलं इंजिन, ज्याला नेक-२ म्हणतात, अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तिथल्या नौदलासाठी फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत लिहिलं गेलं आणि त्याची माहितीपुस्तिका जानेवारी १९८१ची आहे. आरी वोर्स या डच गृहस्थांनी त्याला विंडोजचा अंगरखा चढवला, तो ४नेक२. अंगरखाही आता विटलाय. बटणं बारीक, रंग भडक, खिडक्या एकमेकींवर चढतात. पण विद्युतचुंबकीय लहरींची मॅक्सवेलची समीकरणं १९८१नंतर बदललेली नाहीत, एवढं मी तिला ऐकवलं.

आता हा अँटेना करायचा तरी कशाला ते थोडक्यात. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झला कुजबुजतो. विश्व प्रसरण पावतं तशी ती लहर ताणली जाते. पहिले तारे पेटले त्या काळातली कुजबुज आपल्यापर्यंत येईतो ७०-८० मेगाहर्ट्झच्या आसपास उतरते, म्हणजे एफएमच्या अगदी उंबऱ्याशी. त्याच्याही आधीचा, तारेच नव्हते तो अंधारयुगाचा काळ घेतला तर १६-१७ मेगाहर्ट्झपर्यंत खाली यावं लागतं. तिथे पृथ्वीवर लघुलहरींची केंद्रं आहेत, आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, लहरी वाकवतं आणि दहाच्या खाली तर छपराला झाकण लावल्यासारखं बंदच करतं. म्हणून चंद्राची पाठ. अमेरिकेच्या एक्सप्लोरर-४९ने १९७३ मध्ये अँटेनाच्या प्रत्येकी २२९ मीटर लांबीच्या बाह्या पसरून चंद्राभोवती फेऱ्या मारल्या आणि चंद्राआड गेलं की पृथ्वीचा गलका कसा कापला जातो ते मोजून दाखवलं. आपल्याकडे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचा 'प्रतुष' हा प्रस्तावित प्रयोग याच विचारातून आलाय, ५५ ते ११० मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकण्यासाठी. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या आसपास खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला जी झुंबड उडते, त्यातल्या बऱ्याच पोरांना वाटतं की अँटेना म्हणजे ४५ मीटरची थाळीच. इथे थाळी नाही. इथे नुसत्या दोन काठ्या असतात, आणि सगळं दुखणं त्या काठ्यांतच असतं.

वापरायचं कसं ते एका उदाहरणाने सांगतो. पुतणीच्या गटाने ३ मीटरच्या दोन बाह्या धरल्या होत्या, टोकापासून टोकापर्यंत ६ मीटर. मजकुराच्या खिडकीत एकच ओळ लिहायची:

जीडब्ल्यू १ ६१ ० ० -३ ० ० ३ ०.००५

एक नंबरची तार, ६१ तुकडे, उणे तीन मीटरपासून अधिक तीन मीटरपर्यंत उभी, त्रिज्या ५ मिलिमीटर. तुकडे विषम घ्यायचे म्हणजे सिग्नल जोडायला बरोबर मधला तुकडा मिळतो. खाली वारंवारितेच्या, म्हणजे एफआरच्या ओळीत ५ पासून ४० मेगाहर्ट्झपर्यंत एकेक पायरी. अशा ओळींना अजून कार्डच म्हणतात, कारण मुळात ती भोकं पाडलेली कार्डंच होती. एफ७ दाबलं की काळी खिडकी लुकलुकते आणि उत्तर हजर. एफ९ दाबलं की अँटेना कुठल्या दिशेने किती ऐकतो त्याचा आकार मेदूवड्यासारखा पडद्यावर फिरू लागतो. पोरं याच क्षणी खूश होतात. मी त्यांना आकडे बघायला लावतो.

आकडे असे. ५ मेगाहर्ट्झला हा अँटेना लहरीच्या मानाने फारच आखूड पडतो आणि लाभ, म्हणजे सगळ्यात चांगल्या दिशेने तो सरासरीपेक्षा किती जास्त ऐकतो ते माप, १.७६ डीबी (डेसिबल) येतो, पुस्तकात असतो तोच. २५ला अर्धी लहर बरोबर बसते, तिथे २.१५. ४०ला तीनच्या आसपास. म्हणजे वारंवारिता बदलली की वड्याचा आकार बदलतो. रेडिओ केंद्राला याने काडीचा फरक पडत नाही. विश्वाच्या सुरुवातीचा शोध घेणाऱ्याचा मात्र यात जीव जातो, कारण आकाश एकसारखं नाही. आकाशगंगेचा पट्टा प्रचंड तेजस्वी आहे. वडा बदलला की त्या पट्ट्यातला जास्त-कमी भाग आत शिरतो आणि वर्णपटात अशी लाट उठते जी हायड्रोजनची खूण म्हणून जो उथळ खळगा शोधायचा, हुबेहूब त्याच्यासारखी दिसू शकते. १७ मेगाहर्ट्झला आकाशाचं रेडिओ तापमान (तेज केल्विनमध्ये मोजतात ते) ऐंशी हजार केल्विनच्या घरात असतं आणि अंधारयुगाचा अपेक्षित खळगा सुमारे ४० मिलिकेल्विनचा. वीस लाखांत एक. मी मनोऱ्याचा प्रतिरोध दोन टक्क्यांत जुळला की चहा मागवायचो.

मग अँटेना आणखी आखूडच का करू नये, हा पुतणीच्या मैत्रिणीचा प्रश्न. करावाच. आखूड अँटेनाचा वडा जवळपास बदलतच नाही. पण एफ५ दाबून दुसरी बाजू बघा. ५ मेगाहर्ट्झला विकिरण प्रतिरोध जेमतेम २ ओहम आणि त्याच्या जोडीला उणे दोन हजार ओहमच्या आसपास प्रतिघात, म्हणजे शक्ती बाहेर न टाकता नुसती मागेपुढे झुलवणारा अडथळा. अशा अँटेनाला प्रक्षेपक जोडायला मला कोणी सांगितलं असतं तर मी रजेवर गेलो असतो. ऐकण्यासाठी मात्र चालून जातं, कारण आकाश स्वतःच इतकं बोलतं की उच्च प्रतिबाधेचा पूर्ववर्धक (अँटेनातून फारच थोडा प्रवाह ओढून सिग्नल वाढवणारं सर्किट) थेट बाह्यांच्या बुडाशी बसवला की काम होतं. ही ओढाताण एका संध्याकाळी, एका पडद्यावर, आकड्यांसकट कळते, आणि या सॉफ्टवेअरचे मी पैसे मोजले असते तर ते यासाठीच.

आता उपग्रहाचं धड. नुसता डायपोल, म्हणजे दोन बाह्यांचा अँटेना, अवकाशात कधीच नसतो. त्याला मधे एक पेटी, बाजूला सौरपट्ट्या, कुठेतरी एखादा दांडा. नेक-२ मध्ये पत्रा म्हणजे तारांची जाळी. एक मीटरची पेटी असेल तर २५ सेंटिमीटरची चौकडी पुष्कळ झाली, कारण ४० मेगाहर्ट्झला लहर साडेसात मीटरची असते. जाळीच्या तारेची जाडी ठरवायला जुना नियम आहे की तारेचा परीघ चौकडीच्या बाजूइतका ठेवायचा. म्हणजे त्रिज्या ४ सेंटिमीटर. पण पुस्तिकेतलाच दुसरा नियम म्हणतो की तुकड्याची लांबी त्रिज्येच्या आठपट तरी हवी. २५ भागिले ४ म्हणजे सहाच्या थोडं वर. दोन्ही नियम एकाच घरात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. ईके नावाचं, जाड तारांसाठीचं कार्ड घातलं की सरळ तारेवर निभावतं, कोपऱ्यांवर निभावत नाही, आणि पेटी म्हणजे कोपरेच कोपरे. मी मधली वाट काढतो, त्रिज्या ३ सेंटिमीटर, आणि पुढच्या चाचणीवर नजर ठेवतो.

ही चाचणी म्हणजे या सॉफ्टवेअरमधला सगळ्यात प्रामाणिक भाग. सरासरी लाभाची चाचणी, इंग्रजी आद्याक्षरांनी एजीटी. तार बिननुकसानीची धरली आणि आजूबाजूला काहीच नसेल तर सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडलेली शक्ती आत घातलेल्या शक्तीइतकीच हवी. उत्तर १ यायला हवं. ०.९५ ते १.०५ आलं तर मंडळी चालवून घेतात. पाच मिलिमीटरची बाही जिथे तीन सेंटिमीटरच्या जाळीला चिकटते तिथे नेक-२ हमखास अडखळतं, कारण वेगवेगळ्या जाडीच्या तारा जोडल्या की त्याचं गणित डगमगतं. अशा वेळी एजीटी लगेच चुगली करते. पडद्यावरचं चित्र तेवढंच सुबक दिसत असतं, चित्राला काही लाज नसते. पोरांना मी सांगून ठेवलंय, एजीटी लिहिल्याशिवाय आलेख दाखवायला आणायचा नाही.

अचूकतेबद्दल एक तक्रार आणि तिच्यावरचा उपाय. लाभाचे आकडे डीबीमध्ये दोन दशांशांपर्यंतच छापले जातात. ०.०१ डीबी म्हणजे जवळजवळ पाव टक्का. आपल्याला हवेत दशलक्षांशातले फरक. मग निकालाच्या फायलीत आणखी उजवीकडे सरकायचं. त्याच तक्त्यात विद्युतक्षेत्राचे आकडे पाच दशांशांपर्यंत असतात. लाभ तिथून स्वतः काढायचा. फारच थोड्यांना हे ठाऊक असतं, आणि दोन दशांशांच्या पायऱ्या-पायऱ्यांचा आलेख बघून 'अँटेना खडबडीत आहे' असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत. अर्थात पाच दशांश छापले म्हणजे पाचही खरे असं नव्हे. जाळी बारीक करून पुन्हा चालवा, जो आकडा हलतो तो अजून तुमचा नाही.

ऑप्टिमायझर एफ१२ वर आहे. एसवाय कार्डाने लांबी, कोन वगैरेंना नावं द्यायची आणि त्याला मोकळं सोडायचं. एक साधा चढणीचा मार्ग आहे, एक जनुकीय पद्धतीचा. जनुकीय पद्धत ऐकून हसू नका. नासाच्या एम्स केंद्रात एसटी-५ च्या इवल्या उपग्रहांसाठी वाकड्यातिकड्या पेपरक्लिपसारखा अँटेना याच मार्गाने उत्क्रांत केला होता, प्रत्येक पिढीची परीक्षा नेक-२च्या पुढच्या आवृत्तीने, नेक-४ ने घेतली आणि ते उपग्रह मार्च २००६ मध्ये उडाले. पण ४नेक२च्या ऑप्टिमायझरला तुम्ही काय मागू शकता? एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या लहरींचं माप) कमी, लाभ जास्त, पुढचं-मागचं गुणोत्तर चांगलं. सगळ्या आमच्यासारख्या हौशी रेडिओवाल्यांच्या मागण्या. 'वारंवारितेप्रमाणे वडा बदलू देऊ नकोस' असा रकानाच नाही. तो हिशेब बाहेर करावा लागतो. पुतणीने नेकचंच पायथॉनमधून चालणारं भावंड, पायनेक, घेऊन तो भाग लिहिला. तिथून पुढे ती माझ्यापेक्षा वेगाने पळाली, मी नुसता आकडे तपासत राहिलो.

एसवायचा मला आवडलेला उपयोग वेगळाच आहे, अर्धवट उघडलेला अँटेना. चीनच्या छुएछियाओ उपग्रहावर नेदरलँड्सचं रेडिओ उपकरण होतं, त्याचे पाच-पाच मीटरचे तीन अँटेना. चंद्राच्या पलीकडे बेत होता त्यापेक्षा जास्त काळ मिटून राहावं लागलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये उघडायला गेले तेव्हा सुरुवातीला सुरळीत, मग अडखळत. शेवटी चमूने आहे त्या आखूड लांबीवरच आधी मोजमाप घ्यायचं ठरवलं. आता समजा तुमची एक बाही पूर्ण उघडली आणि दुसरी निम्मीच. लांबीला नाव दिलेलं असेल तर चहा होईपर्यंत सगळ्या शक्यता चालवून होतात. मनोऱ्यावर वीज पडल्यावर काय-काय होऊ शकतं याची यादी आम्ही आधीच करून ठेवायचो. अवकाशात शिडी लावून चढता येत नाही, तिथे ही यादी दुप्पट लांब हवी.

जमिनीचं मात्र वाईट आहे. मध्यम लहरींच्या मनोऱ्याखाली तांब्याच्या १२० तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरायची आमची परंपरा, आणि नेक-२ ला पुरलेली तार समजतच नाही. जमिनीच्या वर तार असेल तर सॉमरफेल्ड पद्धतीने चांगलं उत्तर देतं, पण जमीन म्हणजे खोलवर सगळी एकसारखी, असं धरून. चंद्राची माती तशी नाही. ती कोरडी, विजेच्या दृष्टीने जवळपास पारदर्शक, खाली जावं तशी घट्ट होत जाणारी. काही मेगाहर्ट्झच्या लहरी तिच्यात खोल उतरतात आणि खालच्या थरांवरून परत येतात. अमेरिकेच्या ल्यूसी-नाइट प्रयोगात तीन मीटरच्या चार बाह्या फिरत्या पाटावर बसवून चंद्राच्या पाठीवर उतरवायचा बेत आहे, ०.१ ते ५० मेगाहर्ट्झ ऐकण्यासाठी. तसल्या कामाला ४नेक२ घेऊन बसणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

खालच्या जमिनीने या क्षेत्रात किती रण माजवलंय ते पाहिलं तर हा दोष बारीक वाटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एजेस प्रयोगाने २०१८ मध्ये ७८ मेगाहर्ट्झला अर्ध्या केल्विनचा खळगा दिसल्याचं जाहीर केलं. त्यांनी अँटेनाखाली ३० मीटर लांबरुंद धातूची जाळी पसरली होती. रामन संस्थेच्या लोकांनी जमिनीचा काटाच काढला. त्यांनी सारस-३ चा अँटेना तराफ्यावर ठेवून २०२० मध्ये कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या फुगवट्यावर तरंगवला. पाणी खाली एकसारखं, हिशेब सोपा. २०२२ मध्ये त्यांनी तो खळगा तसा आकाशात नाही असं ९५.३ टक्के विश्वासाने मांडलं. मला यातली तराफ्याची कल्पना सगळ्यात आवडते, आणि कक्षेतला उपग्रह म्हणजे तिचंच पुढचं टोक. खाली काहीच नाही. नेक-२ ला नेमकी हीच परिस्थिती सगळ्यात मानवते.

किरकोळ गोष्टी. विंडोजशिवाय चालत नाही. लिनक्सवाले वाइन नावाच्या, विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीतून चालवतात किंवा सरळ एक्सनेक२सी घेतात, तेही फुकट आणि दिसायला बरं. तुकडे दुप्पट केले की शेवटी वेळ आठपट लागतो, तेव्हा आधी ढोबळ मॉडेल, मग बारीक. सोबत येणाऱ्या नमुन्यांच्या फोल्डरमध्ये भरपूर अँटेना आहेत, पण बहुतेक गच्चीवरचे. उपग्रहाची जाळी तुम्हालाच विणावी लागेल. मदतीचा मजकूर इंग्रजीत आणि तुटक आहे. मूळ नेक-२ ची पुस्तिका वाचली तर जास्त कळतं, १९८१ची असली तरी तिच्यासारखं स्वच्छ तांत्रिक लेखन हल्ली बघायला मिळत नाही. पुरलेल्या तारा हव्या असतील तर नेक-४ चा परवाना लिव्हरमोरकडून विकत घ्यावा लागतो. फेको, सीएसटी, एचएफएसएस ही मोठी व्यावसायिक सॉफ्टवेअरं पत्रा, प्लॅस्टिक, थर सगळं हाताळतात, आणि एजेससारखे चमू दोन-तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांची उत्तरं एकमेकांशी ताडून बघतात. पण त्यांची किंमत विचारायची सोय नाही. एका माणसाला घरी तर नाहीच.

गुण द्यायचे तर कक्षेतल्या अँटेनासाठी पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो दोन दशांशांचा आणि त्या बारीक बटणांचा. पृष्ठभागावरच्या यानासाठी दोन. शिकवण्यासाठी पूर्ण पाच, एजीटीमुळे.

पुतणीच्या गटाने आता सौरपट्ट्यांसकट पूर्ण मॉडेल कॉलेजच्या त्या एकमेव परवान्याच्या रांगेत लावलंय. बाही जिथे पेटीला मिळते तिथेच दोन्ही उत्तरांत फरक पडेल असा माझा अंदाज आहे, पुतणीचं म्हणणं पट्ट्यांच्या बिजागरीपाशी पडेल. आकडे आले की इथे भर घालतो.